झाकली मूठ या कागदावर चालत नाही

अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची दुसरी आणि तिसरी पिढी आता नोकरीला लागली आहे. या पिढीतील कितीतरी मुले-मुली तेथील नागरिक आहेत. त्यांपैकी काही संरक्षण खात्यात, काही विमाने आणि उपग्रह बांधणाऱ्या कंपन्यांत, तर काही संगणक-सुरक्षेच्या सरकारी कामावर रुजू होतात. अशा जागांसाठी पदवी आणि हुशारी एवढ्यावर भागत नाही. तेथे ज्याला 'सिक्युरिटी क्लिअरन्स' म्हणतात, ती गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी मिळवावी लागते. नातू फोनवर सांगतो, "आजी, माझी चौकशी चालू आहे," आणि इकडे आजीच्या काळजात धस्स होते.

ही चौकशी माझ्यासारख्या सामान्य डॉक्टरच्या दवाखान्यापर्यंत कशी पोहोचते, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. रक्तदाब तपासून झाला की आजोबा खुर्ची जराशी पुढे ओढतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "कॉलेजात असताना त्याने गांजा ओढला होता म्हणे. हे लिहिले तर नोकरी जाईल का हो? न लिहिले तर कोणाला कळणार आहे?" कधी प्रश्न याहून अवघड असतो. मुलाला दोन महिने इकडे आणून व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलेले असते आणि आईवडिलांना त्या दोन महिन्यांसाठी काविळीचे सर्टिफिकेट हवे असते.

या दोन्ही प्रश्नांमागे प्रेम असते, याविषयी मला शंका नाही. परंतु अशा प्रसंगी प्रेमापोटी दिलेला सल्ला बहुतेक वेळा नेमका चुकीचा ठरतो. तो का, हे कळण्यासाठी ही परवानगी काय आहे आणि ती देताना काय पाहिले जाते, हे आधी समजून घेऊ.

परवानगीचे स्वरूप

अमेरिकेत गोपनीय माहितीचे तीन स्तर आहेत : कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. परवानगीसाठी उमेदवार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. त्याला 'स्टँडर्ड फॉर्म ८६' या नावाने ओळखली जाणारी, शंभराहून अधिक पानांची प्रश्नावली भरून द्यावी लागते. कोठे राहिलात, कोठे शिकलात, कोठे नोकरी केलीत, परदेशात कोण नातेवाईक आहेत, कर्ज किती, पोलिसांशी कधी संबंध आला का, मद्य आणि मादक पदार्थांचा इतिहास काय, अशी ती यादी लांबत जाते. त्यानंतर अधिकारी शेजारी, सहकारी आणि जुने वरिष्ठ यांच्याशी बोलतात, नोंदी तपासतात आणि उत्तरे ताडून पाहतात.

निर्णय लहरीवर सोडलेला नसतो. जून २०१७ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक नियमावलीत १३ कसोट्या आहेत. एक कसोटी मद्यपानाची, एक मादक पदार्थांची व औषधांच्या गैरवापराची आणि एक वैयक्तिक वर्तनाची. खरेपणा, प्रामाणिकपणा आणि नियमांविषयीचा आदर या शेवटच्या कसोटीत मोडतात. नियमावलीचे आणखी एक सूत्र आहे : शंका उरली, तर तिचा फायदा उमेदवाराला न देता राष्ट्राच्या सुरक्षेला द्यायचा. आपल्याकडे न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथे मात्र तसे होत नाही. म्हणून शंका निर्माण होईल असे काही हातून न होणे हेच उमेदवाराच्या हिताचे असते.

पेल्याशी सरकारला काय देणेघेणे?

"घरात बसून कोणी दोन पेग घेतले तर सरकारचे काय गेले?" असे आपण विचाराल. याचे उत्तर काही अंशी वैद्यकशास्त्रात आहे. मद्य आणि मादक पदार्थ मेंदूतील विवेक आणि संयम सांभाळणाऱ्या भागावर परिणाम करतात. जीभ सैल होते, धोक्याचा अंदाज चुकतो आणि दिलेला शब्द विसरला जातो. व्यसन जडले की पैशाची गरज वाढते आणि लपवाछपवी सुरू होते. ज्याला काहीतरी लपवायचे आहे, त्याला धाक दाखवून काम करून घेणे सोपे असते.

इतिहासातही याची उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेतील, म्हणजे सीआयएमधील, अधिकारी आल्ड्रिच एम्स याने १९८५ पासून पैशांसाठी सोव्हिएत संघाला गुपिते विकली. तो १९९४ च्या फेब्रुवारीत पकडला गेला. तो अति मद्यपान करतो, हे त्याच्या वरिष्ठांना ठाऊक होते, तरी त्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले गेले नाही. त्याच संस्थेतील एडवर्ड ली हॉवर्ड याला १९८३ मध्ये कामावरून काढण्यात आले. मादक पदार्थांचा वापर आणि किरकोळ चोरी यांबाबत तो खरे सांगत नसल्याचे खोटे पकडणाऱ्या यंत्राच्या चाचणीत दिसले होते. पुढे त्याच्यावर गुपिते फोडल्याचा आरोप झाला आणि १९८५ मध्ये तो देशाबाहेर निसटून सोव्हिएत संघाच्या आश्रयाला गेला.

या उदाहरणांवरून मद्य घेणारा प्रत्येक माणूस देशद्रोही असतो, असा अर्थ कोणी काढू नये. अशा माणसांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते. परंतु व्यसन आणि लपवाछपवी एकत्र दिसली की तेथील अधिकारी सावध का होतात, हे यावरून ध्यानात येते.

अर्जात नेमके काय विचारतात?

पुष्कळदा भीती अज्ञानातून येते. म्हणून प्रश्नांचे स्वरूप थोडक्यात पाहू.

मादक पदार्थांविषयीचा मुख्य प्रश्न गेल्या ७ वर्षांपुरता असतो. कोणता पदार्थ, पहिल्यांदा कधी, शेवटी कधी, किती वेळा आणि पुढे घेण्याचा विचार आहे का, हे विचारले जाते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा जाणूनबुजून केलेला गैरवापरही येथेच विचारतात, मग ते औषध स्वतःसाठी लिहिलेले असो वा दुसऱ्यासाठी. मद्याबाबत, त्यामुळे गेल्या ७ वर्षांत काम, नाती, पैसा यांवर वाईट परिणाम झाला का किंवा पोलिसांशी संबंध आला का, असा प्रश्न असतो.

काही प्रश्नांना मात्र ७ वर्षांची मर्यादा नाही. मद्याच्या सवयीमुळे स्वतःहून उपचार किंवा समुपदेशन कधी घेतले का, मद्य किंवा मादक पदार्थांशी संबंधित गुन्ह्याचा आरोप कधी ठेवला गेला का, हे प्रश्न आयुष्यभराविषयी आहेत. मद्य पिऊन गाडी चालवल्याबद्दल झालेली अटक पुढे न्यायालयाने नोंदीतून पुसली असली, तरी सामान्यतः ती अर्जात सांगावी लागते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत रक्तातील मद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे आणि आपल्याकडे ती ०.०३ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम.

गांजाच्या बाबतीत तरुणांचा मोठा गोंधळ होतो. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांतील मतदारांनी मौजेखातर गांजा घेण्यास मान्यता दिली आणि पुढे अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. नातवाला वाटते, दुकानातून पावती घेऊन आणले, मग बेकायदेशीर कसे? परंतु ही परवानगी संघराज्याच्या कायद्यानुसार दिली जाते आणि त्या कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थच आहे. राज्याने मुभा दिली असली, तरी प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच द्यावे लागते.

एक दिलासाही त्याच अर्जात छापलेला आहे. मादक पदार्थांच्या प्रश्नाला दिलेले खरे उत्तर उमेदवाराविरुद्ध पुढे फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरले जाणार नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. खरे सांगणाऱ्याला कायद्याने दिलेले हे संरक्षण आहे. खोटे लिहिणाऱ्याला ते मिळत नाही.

चूक कशाने हलकी होते?

आता आजोबांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. कॉलेजात गांजा ओढला होता, हे लिहिले तर नोकरी जाईल का? हमी कोणीच देऊ शकत नाही, पण तेवढ्या एका कारणाने दार बंद व्हावे, असा नियम नाही. उलट २०२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनी सर्व खात्यांना कळवले की, पूर्वी केलेला गांजाचा वापर विचारात घ्यावा, परंतु केवळ त्यावरून निर्णय ठरवू नये.

नियमावली 'संपूर्ण माणूस' पाहायला सांगते. वर्तन किती गंभीर होते, किती वेळा घडले, किती काळ लोटला, त्या वेळी वय व समज किती होती, ते स्वेच्छेने केले की दबावाखाली, नंतर सुधारणा दिसते का, पुन्हा घडण्याचा संभव किती, अशा ९ गोष्टी तोलल्या जातात. एकोणिसाव्या वर्षी मित्रांसोबत चार वेळा केलेली चूक आणि तिसाव्या वर्षी चालू असलेली सवय एकाच तराजूत टाकली जात नाही.

मादक पदार्थांची चूक कशाने हलकी होते, हेही लिहून ठेवलेले आहे. घटना जुनी व क्वचित घडलेली असणे, चूक मान्य करून त्या संगतीपासून व ठिकाणांपासून दूर झालेले असणे, पुन्हा न घेण्याचे लेखी वचन देणे, सांगितलेला उपचार पूर्ण केलेला असणे, या गोष्टी उमेदवाराच्या बाजूने मोजल्या जातात. दीर्घ आजारात वेदनाशामक औषध लिहून दिले गेले, त्याची सवय लागली आणि नंतर ती सुटली, हेही समजून घेतले जाते. मद्याच्या बाबतीत उपचार घेऊन सल्ल्याप्रमाणे संयम किंवा पूर्ण वर्ज्यता पाळल्याचा स्पष्ट पुरावा महत्त्वाचा ठरतो.

एक मर्यादा मात्र कडक आहे. जो आजही बेकायदा मादक पदार्थ घेतो किंवा ज्याला त्याचे व्यसन आहे, त्याला कायद्यानेच परवानगी देता येत नाही. म्हणून 'आधी सोडायचे, मग अर्ज करायचा' हाच क्रम योग्य.

असत्याचे वजन

वैयक्तिक वर्तनाच्या कसोटीत अर्जातील माहिती मुद्दाम गाळणे, दडवणे किंवा खोटी देणे हा स्वतंत्र दोष मानला आहे. म्हणजे गांजाची जुनी गोष्ट, जी काळाच्या ओघात क्षम्य ठरली असती, तीच दडवली की दोन दोष होतात. त्यातही दुसरा अधिक भारी आणि अगदी ताजा असतो. सहा वर्षांपूर्वीच्या चुकीबद्दल उमेदवार म्हणू शकतो, "तेव्हा मी लहान होतो." गेल्या महिन्यात सही करून दिलेल्या असत्याबद्दल तो काय म्हणणार? जो स्वतःविषयी खरे सांगत नाही, तो उद्या हरवलेल्या कागदाविषयी खरे सांगेल कशावरून, असा प्रश्न अधिकाऱ्यांना पडतो.

शिवाय सरकारला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. गांजाच्या जुन्या कबुलीला संरक्षण आहे आणि ती दडवण्याला शिक्षा आहे, हे आपण नातवाला समजावून सांगितले पाहिजे.

विसरणे आणि दडवणे यांत नियमावली फरक करते. एखादी तारीख चुकली किंवा जुना पत्ता राहून गेला, तर तो गुन्हा ठरत नाही. कोणी दाखवून देण्याआधी स्वतःहून, तत्परतेने आणि मनापासून चूक दुरुस्त केली, तर ती गोष्ट बाजूने मोजली जाते. समोर पुरावा ठेवल्यावर दिलेल्या कबुलीला ती किंमत नसते. कोणाच्या सल्ल्यावरून माहिती गाळली गेली असेल, तर तो सल्ला वकिलाचा किंवा सुरक्षा-प्रक्रियेविषयी मार्गदर्शन करण्याची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचा असला, तरच त्याचा विचार होतो. 'घरच्या मोठ्यांनी लिहू नकोस म्हणून सांगितले' ही सबब तेथे चालत नाही. आपण आजी-आजोबांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

खरेपणा म्हणजे विचारले नाही तेही सांगत सुटणे, असाही अर्थ नाही. प्रश्न ७ वर्षांचा असेल, तर ७ वर्षांचे उत्तर द्यावे, 'कधीही' असा असेल, तर आयुष्यभराचे द्यावे. प्रश्न कळत नसेल, तर कार्यालयातील सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा या कामातील वकिलाला विचारावे. परवानगी नाकारण्याचा विचार झाला, तरी कारणे लेखी कळवली जातात आणि बाजू मांडण्याची संधी मिळते. संरक्षण खात्याच्या कंत्राटी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना साधारणतः २० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते आणि त्यांना सुनावणीही मागता येते.

उपचार हा डाग नव्हे

दुसरा प्रश्न व्यसनमुक्ती केंद्रातील दोन महिन्यांचा. आपल्या समाजात आजही मधुमेहासाठी रुग्णालयात राहणे ही बातमी असते आणि दारूसाठी राहणे ही बदनामी. म्हणूनच मुलाला गुपचूप भारतात आणले जाते आणि शेजाऱ्यांना 'सुटीवर आलाय' असे सांगितले जाते. शेजाऱ्यांना काय सांगायचे, हा आपला खासगी प्रश्न आहे. सहीच्या कागदावर काय लिहायचे, हा प्रश्न निराळा.

व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळाने 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हापासून हजारो मराठी घरांनी हे अनुभवले आहे. अमेरिकेच्या नियमांतही हीच दृष्टी आढळते. ऑगस्ट १९९५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशात म्हटले आहे की, केवळ मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन घेतले म्हणून उमेदवाराविषयी प्रतिकूल निष्कर्ष काढू नये आणि असे समुपदेशन निर्णयात अनुकूलही ठरू शकते. व्यसनाच्या बाबतीत तर पूर्ण केलेला उपचार हाच सुधारण्याचा सर्वांत बोलका पुरावा असतो. तो दडवणारे कुटुंब मुलाचा सर्वांत मोठा आधार स्वतःच्या हाताने काढून घेते.

आता काविळीच्या सर्टिफिकेटविषयी. असा आग्रह झाला की मी नम्रपणे नकार देतो आणि कारणही सांगतो. आमच्या वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार असत्य किंवा दिशाभूल करणारे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदणीतून काढले जाऊ शकते. पण माझ्या नावापेक्षा मोठा प्रश्न मुलाचा आहे. ते सर्टिफिकेट त्याच्या फायलीत गेले की एका असत्याला दुसऱ्याचा टेकू मिळतो आणि पुढे दोन्ही एकदम कोसळतात. त्याऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून खरे पत्र मागावे : निदान काय होते, उपचार किती काळ चालले, पूर्ण झाले का, नंतर पाठपुरावा कसा आहे आणि पुढचा अंदाज काय. रुग्णाच्या संमतीवाचून डॉक्टर ही माहिती सामान्यतः कोणाला देत नाहीत. संमती कशाला द्यायची, हे मुलानेच ठरवायचे असते.

आपल्या औषधांच्या डब्याकडे पाहा

येथपर्यंतचा विषय नातवाचा होता. आता थोडे आपल्याविषयी.

ज्येष्ठांच्या डब्यात झोपेची किंवा चिंतेची गोळी असते, गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल असते, कोडीन असलेले खोकल्याचे औषध असते. नातू परीक्षेच्या ताणाने जागा राहिला किंवा प्रवासाने त्याची झोप बिघडली की आजी मायेने म्हणते, "माझ्यातली अर्धी घे, काही होत नाही." अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही सर्व अमेरिकेत नियंत्रित औषधे आहेत. दुसऱ्याच्या नावावरची अशी गोळी घेणे तेथे औषधाचा गैरवापर ठरू शकते आणि अर्जातील प्रश्न नेमका त्याविषयीच आहे. वैद्यकीय धोका तर वेगळाच. या गोळ्यांवर मद्य घेतले, तर श्वास मंदावू शकतो.

म्हणून आपली गोळी आपल्यापुरतीच ठेवावी. अमेरिकेस जाताना औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि मुक्कामापुरतीच न्यावीत. शेजाऱ्यांच्या मुलासाठी म्हणून नियंत्रित औषधाची पाकिटे नेऊ नयेत. उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात.

तेथील दुकानांत सांधेदुखीसाठी गांजाच्या झाडापासून काढलेल्या 'सीबीडी'ची तेले आणि गोड गोळ्या सर्रास मिळतात. लेबलावर लिहिल्यापेक्षा त्यांत नशा आणणारा घटक अधिक असू शकतो आणि तो लघवीच्या चाचणीत दिसू शकतो. घरात अशी चाचणी होणारे कोणी असेल, तर हे पदार्थ फराळाच्या डब्याशेजारी ठेवू नयेत.

आणि भांगेविषयी. आपल्या १९८५ च्या कायद्यात गांजाच्या व्याख्येतून, फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर, झाडाची पाने वगळलेली आहेत. म्हणूनच उत्तरेकडील काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात. अमेरिकेच्या कायद्याने मात्र पानेही गांजाच्याच झाडाची. महाशिवरात्रीला किंवा होळीला 'प्रसाद आहे, घे' म्हणून सुटीवर आलेल्या नातवाच्या हाती थंडाईचा पेला देण्याआधी हे लक्षात असू द्यावे. परवानगी असलेल्या कर्मचाऱ्यांना खासगी परदेश प्रवासाचीही आगाऊ माहिती कार्यालयाला द्यावी लागते. तेव्हा 'अचानक येऊन जा' असा आग्रह त्यांच्यामागे धरू नये.

घरच्यांनी काय करावे?

व्यसनाधीन माणूस खोटे बोलतो, तेव्हा घरच्यांना वाटते, याचा स्वभावच बिघडला. मद्याची तलफ, लाज आणि भीती मिळून ते खोटे वदवतात. त्याला रागावून फारसे साधत नाही आणि त्यावर पांघरूण घालून तर आजार वाढतो. मुलाच्या वतीने कार्यालयात 'ताप आहे' असा निरोप देणे, त्याचे कर्ज गुपचूप फेडणे, बाटल्या लपवणे, ही सेवा वाटली तरी ती व्यसनाची सेवा असते. अर्जावरील असत्य हे याच सवयीचे पुढचे पाऊल असते. घरात वर्षानुवर्षे जे झाकले गेले, ते कागदावर उघडे करण्याचे बळ मुलाकडे एकाएकी कोठून येणार?

म्हणून बोलण्याची वेळ निवडा. तो शुद्धीवर आणि शांत असताना, चारचौघांत न बोलता एकट्याशी बोला. "तू असा आहेस" म्हणण्याऐवजी "मला हे दिसते आणि त्याची काळजी वाटते" असे म्हणा. उपचाराचे पर्याय हाताशी ठेवा. भारतात व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे आहेत. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर संकटकाळी मदत मिळते.

एक वैद्यकीय इशारा. रोज भरपूर मद्य घेणाऱ्याला खोलीत कोंडून एका दिवसात दारू तोडायला लावू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, थरकाप, ताप अशी जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. वर्षानुवर्षे घेतलेली अल्प्राझोलामसारखी गोळी एकदम बंद केली, तरी झटक्यांचा धोका असतो. हे सोडवणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. अर्जाची तारीख जवळ आली म्हणून घाईने घरगुती उपाय करू नयेत.

थोडक्यात

• अर्ज भरण्याआधी मुलाने तारखा, औषधे, उपचार आणि अटकेच्या नोंदी शांतपणे लिहून काढाव्यात. स्मरणशक्तीवर विसंबू नये.

• उपचारांची कागदपत्रे जपून ठेवावीत. भारतातील केंद्राचे पत्र इंग्रजीत करून घ्यावे.

• शंका आली तर कार्यालयातील सुरक्षा अधिकारी किंवा वकील यांना विचारावे. काका, मामा आणि मित्रांचे सल्ले ऐकून सोडून द्यावेत.

• अर्ज दिल्यानंतर काही राहिल्याचे आठवले, तर विचारण्याची वाट न पाहता कळवावे.

• आपली गोळी कोणालाही देऊ नये आणि दुसऱ्याची घेऊ नये.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. अब्रूच्या बाबतीत तिने अनेक घरे सावरली असतील, पण सहीच्या कागदावर ती उपयोगाची नाही. डॉक्टरपुढे तर मुळीच नाही. आपला नातू खरे लिहायला घाबरत असेल, तर त्याला धीर द्यावा. "जे झाले ते लिही, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत," एवढे वाक्य आजी-आजोबांच्या तोंडून आले, तरी त्याच्या हातातील पेन थरथरणार नाही. आणि पुढच्या वेळी आपण आमच्यासमोर बसाल, तेव्हा आम्ही "तंबाखू, मिश्री, झोपेची गोळी, अधूनमधून थोडीशी?" असे विचारू, तेव्हा आपणही खरे उत्तर द्यावे.